वाड्याची भिंत कोणाच्या हाती द्यायची?

प्रश्न थोडक्यात असा: वाईत आजोबांचा दुमजली वाडा आहे. काळ्या दगडाचं जोतं, वर विटांच्या जाड भिंती, आत सागवानी खांब आणि तुळया. पश्चिमेच्या भिंतीला पोट आलंय, गिलावा सुटतोय, आणि जमिनीलगतच्या तीनेक फुटांत विटांचा भुगा पडतोय. घरचे सगळे ठाण्यात. तीन कंत्राटदार पाहून गेले. पहिला म्हणतो, जाळी मारून सिमेंटचा गिलावा आणि वर वॉटरप्रूफिंग, पंधरा दिवसांत काम मोकळं. दुसरा म्हणतो, पाडा आणि आरसीसी करा. तिसरा चुन्यात काम करतो. त्याने पहिल्याच्या तिप्पट आकडा एका ओळीत लिहून दिलाय. घ्यायचा कोणाला?

पहिला नको. दुसऱ्याचं आत्ता ऐकू नका. आणि तिसऱ्याला होकार देण्याआधी त्याच्या गवंड्याला भेटा. मी सिव्हिल इंजिनिअर आहे, जुन्या वाड्यांच्या दुरुस्तीवर देखरेख करणं हाच माझा व्यवसाय. अशा कामात कंत्राटदाराच्या व्हिजिटिंग कार्डापेक्षा थापी कोणाच्या हातात आहे याला जास्त किंमत असते. कंत्राटदार आठवड्यातून दोनदा येईल, गवंडी रोज भिंतीसमोर उभा असेल.

पण गवंड्याकडे जायच्या आधी भिंत समजून घ्या, नाहीतर समोरचा काय सांगतो ते खरं की खोटं हे तुम्हाला कळणार नाही. आपल्याकडच्या वाड्यांत बराचसा भार लाकडी सांगाड्यावर असतो. खांब तळखड्यावर, म्हणजे पायाच्या दगडावर उभा, त्यावर तुळई, वर कडीपाट, म्हणजे लाकडी कड्या आणि फळ्यांचं छत. बाहेरच्या भिंती जाड दिसतात, पण आतून सलग असतातच असं नाही. बऱ्याच ठिकाणी आत एक थर, बाहेर एक थर आणि मध्ये माती-रोड्यांची भर असते. विटा पातळ आणि मऊ, सांधे जाड. सांधे कशाचे आहेत ते घरबसल्या कळतं. पडलेल्या गिलाव्यामागचा, विटांच्या मधला एक गोळा काढा आणि पाण्याच्या पेल्यात टाका. माती असेल तर थोड्या वेळात विरघळून तळाशी गाळ बसेल. चुना असेल तर गोळा टिकेल, आणि त्यावर लिंबू पिळलंत तर बारीक बुडबुडे येतील. मेणवलीपासून पुण्याच्या पेठांपर्यंत मी आत माती आणि बाहेर चुना अशा मिश्र भिंती खूप पाहिल्या आहेत. तुमचीही तशीच निघाली तर आश्चर्य वाटून घेऊ नका.

आता सिमेंट का नको ते. मऊ वीट पावसाळ्यात ओल घेते आणि नंतरचे सात-आठ महिने ती हळूहळू सोडते. ही ओल बाहेर पडते ती सांध्यांतून आणि चुन्याच्या गिलाव्यातून. त्यावर सिमेंटचा घट्ट थर चढवला की बाष्प आत कोंडतं. पाण्याबरोबर आलेले क्षार विटेच्या तोंडाशी साठतात, तिथे त्यांचे स्फटिक फुगतात आणि विटेचा पापुद्रा उडवतात. तुमच्या भिंतीखाली पडणारा भुगा म्हणजे हा लोणा. तिथे मागे कधीतरी कोणी सिमेंटचा तीन-चार फुटी पट्टा मारलाय का, ते बघा. बहुतेक मारलेला असतो. आणि ओल त्या पट्ट्याच्या वर चढून आता नवीन ठिकाणी दिसत असेल. पहिला कंत्राटदार हाच पट्टा अख्ख्या भिंतीवर न्यायला निघालाय. दोन पावसाळे सगळं छान दिसेल, मग गिलावा जाळीसकट विटांची तोंडं घेऊन खाली येईल.

म्हणून पहिली परीक्षा अगदी सोपी. कंत्राटदार पाहणीला आला की त्याला भिंतीकडे नेऊ नका. दारात उभे राहा आणि तो स्वतः काय बघतो ते बघा. जाणता माणूस आधी वर बघतो: कौलं सरकली आहेत का, पन्हळ फुटलीय का, पागोळ्या नेमक्या कुठे पडतात. मग खाली बघतो: रस्त्यावर थरावर थर चढून तो जोत्याच्या वर आलाय का, चौकात कोणी फरशी आणि काँक्रीट केलंय का, भिंतीला लागून मोरी किंवा संडास काढलाय का. तुमच्या तिन्ही तक्रारी बहुधा पाण्यामुळेच आहेत, आणि पाण्याची वाट बदलल्याशिवाय भिंतीला हात लावण्यात अर्थ नाही. जो आल्या आल्या टेप काढून चौरस फूट मोजायला लागतो, त्याला चहा पाजा आणि निरोप द्या. जमलं तर ही पाहणी भर पावसात ठेवा. जुलैत वाईला यायला जो कुरकुरतो तो पुढेही कुरकुरेल, आणि पाणी नेमकं कुठून येतंय हे मे महिन्यात कोणालाच दिसत नाही.

मग त्याने केलेली कामं बघायला जा. नुकतंच संपलेलं काम दाखवेल, ते बघू नका. तीन पावसाळे खाल्लेलं काम मागा. तिथल्या मालकाशी कंत्राटदार नसताना बोला. दरजा, म्हणजे विटांच्या सांध्यांत तोंडाशी भरलेला चुना, नखाने खरवडून बघा: चुन्याची दरज घट्ट असावी, पण विटेपेक्षा कडक नसावी. दरज विटेच्या तोंडावर फासलेली नको, किंचित आत असावी. विटांच्या कडांवर सरळ, एकसारख्या चिरा दिसल्या तर समजा की जुन्या दरजा ग्राइंडरने काढल्या आहेत. मऊ विटेची कड एकदा ग्राइंडरने गेली की परत येत नाही. दरजा छिन्नी-हातोडीने, सांध्याच्या रुंदीच्या निदान दुप्पट खोल उकरायच्या असतात. हे कंटाळवाणं, वेळखाऊ काम आहे आणि म्हणूनच कंत्राटदार ते टाळतात. पुण्यात विश्रामबागवाडा आणि नानावाड्यावर महापालिकेने जतनाची कामं करून घेतली आहेत. अशा एखाद्या कामावर राबलेला गवंडी मिळाला तर मोठी फर्म नसली तरी चालेल.

गवंड्याला काय विचारायचं? चुन्याबद्दल विचारा आणि त्याला बोलू द्या. 'चुना म्हणजे ती पिशवी येते ना पांढरी' असं म्हणाला तर संवाद तिथेच संपला. दुकानात सफेदीसाठी मिळणारी भुकटी बांधकामाला चालत नाही. ती कधीची पडून आहे, हवेने मेली आहे की जिवंत आहे, काहीच सांगता येत नाही. काम करणारा माणूस कळीचा चुना म्हणतो, म्हणजे भट्टीतून आलेले न विरवलेले खडे. ताजी कळी पाण्यात टाकली की फसफसते, वाफा येतात, पाणी उकळायला लागतं. तुमच्यासमोर एक कळी बादलीत टाकायला सांगा, लांब उभे राहा, आणि डोळे सांभाळा. नुसती भिजून गप्प बसली तर तो माल परत पाठवा. चुना विरवून (पाण्यात फोडून), चाळून, पाण्याखाली निदान काही आठवडे मुरवायचा असतो. जितका मुरेल तितका लोण्यासारखा होतो. म्हणजे कंत्राटदार काम सुरू करायच्या महिनाभर आधी साइटवर खड्डा किंवा टाक्या तयार करायला मागतोय का, यावरून तो खरंच चुन्यात काम करतो की नुसतं दरपत्रकात 'चुना' लिहितो, ते कळतं.

चुन्यात वाळू आणि सुरखी पडते. सुरखी म्हणजे कमी भाजलेल्या विटांची भुकटी. ती घातली की चुना ओलीतही धरतो. नुसता चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत फार सावकाश कडक होतो. जास्त भाजलेल्या, काळपट विटांची सुरखी निरुपयोगी. एक भाग चुना, एक भाग सुरखी, एक ते दीड भाग वाळू इथून सुरुवात करतात आणि नमुना बघून कमी-जास्त करतात. पूर्वी हे सगळं घाणीत, म्हणजे बैलाने फिरवायच्या दगडी चाकाखाली, मळलं जायचं. आता मोटारीची घाणी मिळते, आणि ज्याच्याकडे ती आहे किंवा जो भाड्याने आणतो त्याच्याकडे मी जास्त लक्ष देतो, कारण फावड्याने कालवलेला चुना आणि घाणीत दळलेला चुना यांत फार फरक पडतो. गूळ, बेलफळाचा गर, मेथी, उडीद, तागाचे धागे यांच्या कहाण्या तुम्हाला भरपूर ऐकवल्या जातील. त्या खोट्या नाहीत. पण ज्याला चुना विरवता येत नाही तो गुळाच्या गप्पा सर्वांत जास्त मारतो, असा माझा अनुभव आहे.

एक चोरी मात्र ओळखायला शिका. चुना लवकर धरत नाही, गवंड्याला हात मोकळे करायचे असतात, म्हणून तो कालवणात मूठभर सिमेंट टाकतो. कधीकधी कंत्राटदाराला पत्ताही नसतो. माल करडा दिसला आणि सकाळचा संध्याकाळी नखाने खरवडेना, तर सिमेंट आहे. करारात लिहून घ्या की भिंतीच्या कामाच्या वेळी साइटवर सिमेंटची गोण असणार नाही. मोरीसाठी लागेल तेव्हा तेवढीच आणायची.

बोलणं पटलं की नमुना मागा. मागच्या बाजूला, लोकांच्या नजरेआड, तीन बाय तीन फुटांचा तुकडा: जुन्या दरजा उकरणं, वीट भिजवणं, दरजा भरणं, अर्ध्या भागावर गिलावा. याचे पैसे द्या, फुकट मागू नका. गिलावा पातळ थरांत चढवतो की एका दमात इंचभर थापतो ते बघा. त्यावर ओलं गोणपाट टाकतो का, आठ-दहा दिवस ते ओलं ठेवतो का, हे तर बघाच, कारण चुन्याची निम्मी कामं पाण्याअभावी वाया जातात. महिन्याने तो तुकडा वाजवून बघा. पोकळ आवाज आला किंवा जाळीदार भेगा पडल्या तर कारण विचारा. 'वाळू जास्त बारीक होती, बदलतो' म्हणणारा माणूस ठेवा. 'चुन्याला भेगा पडतातच' म्हणणारा नको.

आता पैशांचं. तिसऱ्याने एका ओळीत आकडा दिलाय, तो असाच मान्य करू नका, पण त्यावरून त्याला हाकलूही नका. जुन्या भिंतीत आत काय आहे हे त्यालाही माहीत नाही, म्हणून त्याने भीतीपोटी आकडा फुगवलाय. उक्त्या, म्हणजे सगळं मिळून एकाच रकमेच्या, कामाचा तोटा असा की आत काही वाईट निघालं तर ते झाकण्यात त्याचा फायदा असतो. त्यापेक्षा बाबवार, म्हणजे प्रत्येक कामाचे वेगळे, दर मागा: धिरे (भार पेलणारे टेकू) आणि परांची, जुना गिलावा काढणं, भिंत उकलून विटा साफ करून रचणं, नवीन बांधकाम घनफळावर, दरजा आणि गिलावा क्षेत्रफळावर. दर पक्का, माप खुलं. मोजमाप दोघांनी मिळून, त्याच दिवशी वहीत, दोघांच्या सह्यांनी. मी स्वतः एक पाऊल पुढे जातो: उकलण्याचं काम हजेरीवर देतो आणि बांधण्याचं मापावर. उकलताना घाई झाली की चांगल्या विटा फुटतात, शेजारची भिंत हलते. तिथे माणसाला घाई करण्याचं कारणच ठेवायचं नाही. सुरुवातीची उचल माल आणि परांचीपुरती. शेवटचे दहा टक्के पूर्ण एक पावसाळा झाल्यावर, आणि हे आधीच लिहून. चांगला कंत्राटदार यावर घासाघीस करेल, पण पळून जाणार नाही.

पोटाची भिंत हा वेगळा विषय आहे, आणि इथे माणसाच्या जिवाशी गाठ आहे. आधी ओळंबा सोडून पोट किती आहे ते दर दोन फुटांवर मोजून लिहून ठेवा. भेगेच्या आत डोकावा: कडा धारदार आणि आत स्वच्छ असेल तर भेग ताजी, आत जळमटं, धूळ, जुन्या सफेदीचे ओघळ असतील तर जुनी. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. सातारा जिल्ह्यात अशा भेगेचं मूळ कधीकधी 11 डिसेंबर 1967 च्या कोयनेच्या भूकंपापर्यंत जातं, आणि पन्नासहून जास्त वर्षं जागची न हललेली भेग उद्या सकाळी पडणार नाही. ताज्या भेगेवर प्लास्टर ऑफ पॅरिसचा छोटा ठिपका मारून तारीख घाला. ठिपका तडकला तर भिंत अजून हलतीय. अशा वेळी कंत्राटदाराच्या ओळखीचा नाही, तर तुम्ही स्वतः निवडलेला स्ट्रक्चरल इंजिनिअर आणा. त्याची फी एकूण खर्चात किरकोळ असते.

कंत्राटदाराला एवढंच विचारा: पोट कसं काढणार? मला ऐकायचं असतं ते उत्तर असं: आधी वरच्या तुळयांना धिरे लावून भार भिंतीवरून काढायचा, मग वरून खाली उकलत यायचं, आणि अख्खी भिंत एकदम न उघडता चारेक फुटांचा एक तुकडा, मग एक सोडून पुढचा. बांधताना आतला-बाहेरचा थर आडव्या विटांनी किंवा आरपार दगडांनी एकमेकांना बांधायचा. हा आरपार दगड क्षुल्लक नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपात किल्लारी परिसरात मातीत बांधलेल्या जाड दगडी भिंती कोसळल्या त्यामागे वरचं जड माळवद (मातीचं सपाट छप्पर) होतं, तसंच दोन थर एकमेकांना न बांधलेले असणं हेही मोठं कारण होतं. चुन्याचं बांधकाम एका दिवसात दोन-अडीच फुटांपेक्षा वर नेऊ नये. खालचा सांधा भार घेण्याइतका धरलेला नसतो. 'आतून इंजेक्शन मारून भरून टाकू' हे पोट आलेल्या भिंतीवरचं पहिलं उत्तर असेल तर सावध राहा. पोकळी भरायला चुन्याचं पातळ कालवण ओततात, ते ठीकच आहे, पण त्याने पोट आत जात नाही.

आणि सुतार कोण, हे विचारायला विसरू नका. भिंतीत गेलेली तुळयांची टोकं हा वाड्याचा सर्वांत दुबळा भाग. भिंत उघडली की तिथे वाळवी किंवा कुजलेलं लाकूड निघतंच. टोच्या खुपसून बघितलं की कळतं. लाकूड चांगलं असेल तर टोच्या अडतो. त्याच दिवशी सुतार हजर नसेल तर गवंडी ते टोक सिमेंटमध्ये गाडून मोकळा होतो, आणि लाकूड आतल्या आत अजून वेगाने कुजतं.

नवीन विटा लागतीलच. खालच्या तीन फुटांतल्या लोणा लागलेल्या विटा परत वापरू नका, त्यांतले क्षार नव्या कामात येतात. पाडलेल्या वाड्यांच्या जुन्या विटा मिळतात. कोरडी वीट वजन करा, चोवीस तास पाण्यात ठेवा, पुन्हा वजन करा. वजन पाचव्या हिश्श्याहून जास्त वाढलं तर ती वीट बाहेरच्या भिंतीला घेऊ नका. आणखी एक कलम करारात हवं: निघालेली प्रत्येक वस्तू मालकाची. राडारोडा नेणाऱ्या टेम्पोतूनच सागवानी हस्त (तुळईखालचे कोरीव आधार), दारांच्या कड्या आणि चौकटी जुन्या बाजारात जातात. काम सुरू व्हायच्या आधी प्रत्येक खणाचे फोटो काढा, लाकडांवर खडूने नंबर टाका. कामगारांचा विमा आहे का, तेही कागद बघूनच माना.

परवानगीचं लवकर आटपा. मिळकत पत्रिकेवर जेवढी नावं तेवढ्यांची लेखी संमती आधी, नाहीतर परांची बांधल्यावर चुलतभाऊ उगवतो. वाडा वारसा वास्तूंच्या (हेरिटेज) यादीत आहे का, याची नगरपालिकेत चौकशी करा. केंद्र-संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरच्या आत घर असेल तर दुरुस्तीलाही परवानगी लागते, आणि त्यापुढच्या दोनशे मीटरवरही नियम आहेत; पुण्यात शनिवारवाड्याभोवती राहणाऱ्यांना हे चांगलं ठाऊक आहे.

दुसऱ्या कंत्राटदाराबद्दल थोडं न्यायाने बोलतो. तो लबाड असेलच असं नाही. त्याला आरसीसी येतं, म्हणून त्याला आरसीसी दिसतं. खांब-तुळया बहुतेक कुजल्या असतील आणि घरात कोणी राहणारच नसेल तर पाडणं हाही एक प्रामाणिक निर्णय असतो. पण तो इंजिनिअरच्या अहवालावर घ्यायचा, पाडण्याचं काम ज्याला मिळणार आहे त्याच्या तोंडावर विसंबून नाही.

वेळापत्रक असं धरा. येत्या पावसात पाहणी आणि मोजणी. पावसाळा संपता संपता पन्हळ, कौलं, चौकातलं काँक्रीट आणि मोरी यांची कामं. खालचा सिमेंटचा पट्टा काढून भिंत उघडी ठेवा, ती वाळायला वेळ घेते. त्याच सुमारास चुना मुरत घाला आणि नमुना करून घ्या. दिवाळीनंतर धिरे, उकलणं, बांधणं. गिलावा फेब्रुवारीच्या आत, कारण एप्रिल-मेच्या उन्हात चुना धरण्याआधीच वाळतो. खालच्या तीन फुटांना गिलावा सर्वांत शेवटी. भिंत अजून ओली वाटली तर ते तेवढं पुढच्या हिवाळ्यावर ढकला. वरून चुन्याची सफेदी द्या, प्लास्टिक रंग नाही. हा सगळा क्रम लिहून तिसऱ्या कंत्राटदाराला पाठवा आणि बाबवार दर मागा. तो क्रमात दोन-चार दुरुस्त्या सुचवून परत आला, तर लगेच वाईला जाऊन त्याच्या गवंड्याबरोबर भिंतीसमोर उभे राहा.